एकदा पाहून येतो

तलमडुगु,
१६ सप्टेंबर २०२४

मयूरी,

फोन कापनाऱ्या लेकीले बापाचा आशीर्वाद. कापला तं कापला, पन माहं बोलनं अर्ध्यातच राह्यलं, ते आता कागदावर पुरं करतो. कागद तुले कापता येत नाई. फाडशील, पन वाचून फाडशील, तुहा स्वभाव मले ठाऊक हाय. फोनवर तुहाही आवाज चढते अन् माहाही, अन् तुही माय मधात उभी राहून दोघायले 'हळू, हळू' करते. मिल्ट्रीत होतो तवा घरी चिठ्ठ्याच लिवत होतो. चिठ्ठीत आपलं कवा भांडन झालं नाई.

तू म्हनलीस, दसऱ्याले येत नाई. काऊन, तं म्हने 'तुमची ती बंदूक अन् तुमचं ते पाहनं.' आता मले सांग, बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभं राहनं ही माही नोकरी हाय. बंदूक माही, लैसन माह्या नावाचं, म्हनून ती संध्याकाळी माह्यासंग घरी येते. घरी आली की काडतुसं काढून खाली करतो अन् कपाटात ठेवतो. काडतुसं पेटीत, पेटीले कुलूप, चावी करदोड्याले. मग दिवसातून चार-दोन वेळा उघडून पाहतो, खाली हाय का नाई. यात काय वाईट हाय?

तू इसरलीस असशील, मी नाई इसरलो. पाडव्याले तुमी आल्या होत्या. मी बंदूक पुसून राह्यलो होतो, फडकं आनाले आत गेलो, तेवढ्यात स्वरानं नळीले डोळा लावला. 'आजोबा, आत काय हाय?' म्हने. बंदूक खाली होती. मले पक्कं ठाऊक होतं का खाली हाय. तरी मी तिथंच भुईवर बसलो. तवापासून मले वाटते, 'पक्कं ठाऊक हाय' म्हननंच लय धोक्याचं. म्हनून पाहतो.

जरा थांब. एकदा पाहून येतो.

आलो. खाली हाय.

तुह्या सासूबाईनं अनारशाचा डबा धाडला होता, तो द्यायचा राह्यला हाय. त्यात काय भरू म्हनून तुह्या मायचं अडून बसलं. रिकामा डबा तिच्यानं देववत नाई, नवं पाकीट घेतलं तरी रुपया टाकल्याबिगर माह्या हाती देत नाई. तू आलीस तं डबा तुह्यासंगच धाडीन म्हनते.

स्वराले घेऊन ये. घरात लेकरू नसलं तं दसऱ्याचं सोनं मी कोनाले देऊ?

तुह्याएवढाच हट्टी,
तुहा बाप


निर्मल,
२० सप्टेंबर २०२४

बाबा,

तुमची चिठ्ठी पंढरी कंडक्टरनं डिपोत तुमच्या जावयाच्या, वैभवच्या हातात दिली. फाडली नाही. पण 'जरा थांब, एकदा पाहून येतो' वाचलं तेव्हा फाडावीशी वाटली. अहो, लेकीला चिठ्ठी लिहितानाही?

आणि चार-दोन वेळा? मी मे महिन्यात तिथं होते बाबा. चहाच्या आधी एकदा, चहा झाल्यावर एकदा. आंघोळीला जाताना, आंघोळीहून येताना. जेवता जेवता हात धुऊन उठलात. कपाट वाजतं, मग तो खटका, मग तुमचा मोठा सुस्कारा, मग परत खटका. आई चुलीपाशी असते. भाकरी थापता थापता थांबते, तुमच्याकडं पाहते आणि परत थापायला लागते.

आता ऐका. सुट्टीहून आल्यावर स्वरा लाटणं घेऊन बसायची. टोकाला डोळा लावायची, 'खाली हाय' म्हणायची, ठेवायची, परत उचलायची. आम्ही हसलो. वैभवनं तर व्हिडिओ काढला. मग तिच्या शाळेतून बोलावणं आलं. बाटलीचं झाकण घट्ट आहे का, दप्तराची चेन लागली का, दाराची कडी लागली का, ते पाहायला ती वर्गातून सारखी उठते. अंथरुणावर टाकलं की म्हणते, 'आई, गॅस पाह्यला का? परत पाह्य.' मी सांगते पाहिला. तिला पटत नाही, स्वतः उठून जाते. पाच वर्षांचं लेकरू हो! मी शाळेत दुसऱ्यांची चाळीस पोरं सांभाळते, आणि माझ्याच पोरीला काय सांगावं ते मला कळत नाही.

वैभव म्हणाला ते लिहिते, राग मानू नका. 'आम्ही गाडी डिपोतून सोडायच्या आधी ब्रेक पाहतो. नीट पाहतो. मग ड्रायव्हरनं घाट उतरायचा. घाटात दर वळणावर गाडी थांबवून तो खाली घुसायला लागला, तर मागून येणारी लॉरी त्याला उडवील. ब्रेक चांगलाच असेल, मरेल तो पाहण्यानं.'

मी येत नाही म्हणाले ते रागानं नाही. मला भीती वाटते. बंदुकीची कमी, तुमच्या पाहण्याची जास्त.

मयूरी


तलमडुगु,
२७ सप्टेंबर २०२४

मयूरी,

जावयाले सांग, गाडीचं बोलनं पटलं. पन त्यालेही एक विचार. काल पायली होती म्हनून आज गाडी न पाहताच सोडते का? नाई ना? मग?

हे मी ताठ्यानं लिवलं. आता खरं सांगतो. परवा बँकेत तमाशा झाला. मी दारात उभा होतो. मनात आलं, सकाळी काडतुसं नीट बसली का नाई. बंदूक मधात मोडून, म्हंजे उघडून, पायली, बसली होती. लावली. मंग वाटलं, लावताना खटका पुरा बसला का. परत मोडली. तेवढ्यात नागोराव आले, आपल्या वावराशेजारचे. त्यायनं दोन्ही हात वर केले. म्हने, 'भगवानराव, मी खात्यातले पैसे काढाले आलो, जीव द्याले नाई आलो!' सारी बँक हासली. मीही हासलो. पन रांगेतली एक म्हातारी हासली नाई, ती भिंतीले चिकटून उभी राह्यली. मी जवळ गेलो का ती अजून सरके.

केशवराव सायबानं आत बोलावलं. भला मानूस हाय, आमचा मॅनेजर. म्हने, 'भगवानरावजी, येताना एकदा पाहा अन् जाताना एकदा पाहा. मधात हात लावाचा नाई. लोकं तुमाले भिऊन राह्यले.' पलटनीत माह्या कंपनीत कोनाच्या हातून कवा गोळी सुटली नाई, कारन मी पाहत होतो. त्याच पाहन्यासाठी आज मले बोलनी खावी लागली. मले लय लागलं ते.

पन मयूरी, स्वराचं ते गॅसचं वाचलं. तिच्यासाठीच पाहत होतो ना मी. चिठ्ठी दोनदा वाचली, मंग तुह्या मायले काहीच सांगतलं नाई. ती विचारत होती, 'काय लिवलं पोरीनं?' मी म्हनलं, सारं बरं हाय.

बोल. काय केलं तं येशील?

तुहा बाप

(ही चिठ्ठी लिवताना मी एकदाही उठलो नाई. आता उठीन.)


निर्मल,
२ ऑक्टोबर २०२४

बाबा,

येते. इकडच्या बतुकम्मा सणाच्या सुट्ट्या लागल्या. गुरुवारी दहा तारखेला निघतो, दसरा करून रविवारी परत. वैभवला रजा नाही, मी आणि स्वराच.

एकच अट. बंदूक पूजेला काढाल तेव्हा एकदा पाहायची, माझ्यासमोर. मग तिला हात लावायचा तो पूजा झाल्यावर कपाटात ठेवायला. उघडायची नाही. काडतुसं मोजायची नाहीत. कपाटाशी जायचं नाही. मी असेपर्यंत घरात तो खटका मला ऐकू यायला नको. आजोबा एकदा पाहतात आणि त्यांचं मन भरतं, हे स्वराला दिसू द्या. तिला माझं पटत नाही, तुमचं पटेल.

जमेल का? खरं सांगा. जमणार नसेल तर तसं कळवा, मी राग धरणार नाही.

मयूरी

(आईला सांगा, डबा मीच घेऊन जाईन.)


निर्मल,
१६ ऑक्टोबर २०२४

बाबा,

जमलं! तुम्हाला जमलं!

मी मनातून हरलेच होते, खोटं कशाला बोलू. दसऱ्याला सकाळी तुम्ही बंदूक मोडून मला दोन्ही नळ्यांतून पलीकडचं अंगण दाखवलंत, बंद केलीत, पाटावर काडतुसांच्या पट्ट्याशेजारी ठेवलीत आणि हात जोडलेत. मग आपट्याची पानं आणायला गेलात ते मुद्दाम लांबच्या बांधापर्यंत गेलात, ते मला कळलं हो. पूजा झाल्यावर तुम्ही ती उचललीत तेव्हा क्षणभर थांबलात. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता उघडतात. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि तशीच नेऊन कपाटात ठेवलीत. बाबा, तेव्हा मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

स्वराचं ऐका. काल झोपताना म्हणाली, 'आई, गॅस पाह्यला का?' मी म्हटलं, पाहिला. म्हणाली, 'एकदा पाह्यला ना? मग झालं. आजोबा बी एकदाच पाहते.' आणि कूस बदलून झोपली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वैभव घाबरला, त्याला वाटलं काही भाजलं.

सोबत फोटो पाठवते आहे. पूजा झाल्यावर मोबाईलवर काढला होता तो, इथल्या स्टुडिओत मोठा करून लाकडी चौकटीत बसवला. झेंडूच्या माळेत बंदूक, आणि शेजारी आपली बाईसाहेब नवा फ्रॉक घालून, नळीवर हात ठेवून बसलेली. देव्हाऱ्याशेजारी लावा.

दिवाळीला येतोच. या वेळी वैभवही येईल. मी म्हणत होते ना, एकदा पुरतं म्हणून!

तुमची आनंदी
मयूरी


तलमडुगु,
१९ ऑक्टोबर २०२४

मयूरी,

फोटो पोचला.

दिवाळीले येऊ नको. तुमी तिकडंच करा. मी बँकेतली नोकरी सोडून राह्यलो, केशवराव सायबाले तोंडी सांगतलं हाय. ते म्हनतात थांबा, पन माहं ठरलं.

तब्येत ठीक हाय. मायले काही विचारू नको, तिले काही ठाऊक नाई.

बाबा


निर्मल,
२२ ऑक्टोबर २०२४

बाबा,

हे काय लिहिलंत? चार ओळी, आणि त्यात नोकरीही सोडली अन् लेकही सोडली!

मला कळलं काय झालं ते. तीन दिवस पाहिलं नाही, ते तुम्हाला आत बोचतंय. मी तुमच्यावर अट घातली, लेकीनं बापाला शिस्त लावली, ते सहन होत नाही. म्हणून आता मीच नको, स्वराच नको, म्हणजे दिवसभर कपाट उघडायला तुम्ही मोकळे. असंच ना? नोकरी सोडून घरी बसणार म्हणजे काय करणार, ते मला न सांगता कळतं.

स्वरानं दिवाळीसाठी तुमच्याकरता मातीच्या पणतीला रंग दिलाय. तिला काय सांगू? आजोबांना तू नकोस, असं सांगू?

फोन करत नाही. केला तर ओरडेन. खरं कारण लिहा. नाहीतर मी येऊन उभी राहते दारात, मग पाहा.

मयूरी


तलमडुगु,
२४ ऑक्टोबर २०२४

मयूरी,

लिवतो. बसून वाच.

तू रविवारी गेलीस. जमून राह्यलं होतं म्हनून त्या रातीही मी उघडली नाई. सोमवारी सकाळी मी बंदूक घेऊन बँकेत गेलो. केशवराव सायबानं सांगतलं तसं, येताना एकदा पाहाची. शटरच्या मांगं उभा राह्यलो, काडतुसं भराची म्हनून खटका दाबला, बंदूक मोडली. आत दोन्ही नळ्यायत काडतुसं होती. लाल. भरलेली.

मी तिथंच उभा राह्यलो. कोनी पायलं नाई. सायब आले, म्हनले, 'काय भगवानरावजी, ठीक?' मी म्हनलं, ठीक.

म्हंजे दसऱ्याच्या पूजेपासून सोमवारपर्यंत ती माह्या घरात भरून होती. कपाटाले कुलूप नाई, ते तुले ठाऊक हाय. पेटीले हाय. खाली बंदुकीले कुलूप कायले, असं मीच म्हनत आलो. स्वरा त्याच खोलीत झोपत होती.

पूजा झाल्यावर मी ती उचलली तवा हाताले जड लागली. तू लिवलंस ना, मी क्षनभर थांबलो म्हनून. म्हनूनच थांबलो होतो. मनात आलं, उघडावं. मंग वाटलं, हा आपला रोगच हाय, लेक म्हनते ते खरं, हात खोटं बोलून राह्यला. तू दारात उभी होतीस. मी ठेवून देल्ली. काडतुसाचा पट्टाही मोजला नाई, माळेसकट पेटीत टाकला. तुले बोल लावत नाई मी. तू अट घातली नसतीस तरी स्वरासमोर मले तेच कराचं होतं.

पन भरली कोनी? तुह्यासमोर मी खाली दाखवली. मंग मीच भरली असन. दुसरं कोन भरनार? ज्याले दिवसभर मोडाची अन् लावाची सवय, त्याचे हात त्याले न सांगता भरू बी शकते. मले काही आठवत नाई, अन् आठवत नाई हेच सगळ्यात वाईट. बँकेत बी दर दोन मिनिटांनी मोडत होतो, तिथं बी काय काय करत असन कोनाले ठाऊक. अशा मानसाच्या हाती बंदूक द्यावी नाई. अशा मानसाच्या घरी लेकरू धाडावं नाई. म्हनून तुले येऊ नको म्हनलं.

तुह्या फोटोत नळीचं तोंड स्वराच्या पोटाकडं हाय. तू पुन्हा एकदा पाह्य. मी तो कपाटावर पालथा ठेवला हाय. तुही माय रोज विचारते, 'काऊन लावत नाई?'

बाबा


निर्मल,
२६ ऑक्टोबर २०२४

बाबा,

तुमची चिठ्ठी वाचून मी फोटो मोबाईलवर उघडला आणि मोठा केला. नळीचं तोंड तिच्या पोटाकडंच आहे. हा फोटो मी शाळेतल्या सगळ्या बायकांना दाखवला होता. सगळ्या म्हणाल्या, किती गोड!

पण हात तुमचे नाहीत, बाबा. तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुमच्या घरातली गोष्ट मला निर्मलहून लिहून तुम्हाला कळवावी लागते आहे.

तुम्ही बँकेत असताना मी आईला फोन लावला. सरळ विचारलं, दसऱ्याला बंदुकीत काडतुसं कोणी घातली? आई म्हणाली, 'मी घातली. काऊन, कमी पडली का?'

बाबा, इतक्या सहज म्हणाली ती! मग मी विचारत गेले, ती सांगत गेली. तिच्याच बोलीत लिहिते.

'तुहे बाबा पानं आनाले गेल्ते, तू पोरीले आंघोळ घालत होतीस. मी पाट मांडला. बंदूक तशीच रिकामी पडली होती. देवापुढं रिकामं कसं ठेवाचं बाई? अन् खरं सांगू का, ह्यायचा जीव किती दिवसापासून खालीवर होऊन राह्यला. कवाही उठतात, ती उघडतात, आत पाहतात, आत काहीच नसते. मंग सुस्कारा टाकतात. मी म्हनलं, बिचाऱ्यायले रोज रिकामी दिसते म्हनून चैन पडत नाई. अन् यंदा तं तू पाहूच देत नव्हतीस, सकाळपासून नुसते आतबाहेर करून राह्यले होते. पट्टा शेजारीच होता. म्हनलं, आपनच भरून ठेवू. कवा पाहतील तवा भरलेली दिसन, बरं वाटन त्यायले.'

मी विचारलं, तुला उघडता कशी आली? म्हणाली, 'एवढं रोज पाहते, ते बी नाई येनार का? बोटानं खटका सरकवाचा, मांडीवर मोडाची, पितळेची बाजू आपल्याकडं ठेवाची. पोळ्या करता करता पाठ झालं.'

तिला वाटत होतं तुम्ही ती भरलेली आहे का ते पाहता. इतक्या वर्षांत तिला कोणी सांगितलंच नाही की तुम्ही रिकामी आहे का ते पाहता. तुम्ही तिच्यासमोर शंभरदा खटका वाजवलात, पण बोलला नाहीत. आणि मी? मी तुम्हाला अट घातली, तुमच्याशी भांडले, स्वराला समजावलं, वैभवशी चर्चा केली. चुलीपाशी बसलेल्या बाईला काही सांगावं असं माझ्याही मनात आलं नाही. ती भाकरी थापता थापता थांबते, हे मी तुम्हाला लिहिलं होतं. का थांबते, ते विचारलं नाही.

मी तिला फोनवर पुढचं सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. ते तुम्ही सांगा. हळू सांगा.

मयूरी


तलमडुगु,
३० ऑक्टोबर २०२४

मयूरी,

तुही चिठ्ठी मी बँकेच्या पायरीवर बसून वाचली. आधी मले हासू आलं, का मी येडा नाई. मंग रडू आलं. नागोराव समोरून जात होते, म्हनले, 'काय झालं?' मी म्हनलं, घरची चिठ्ठी हाय.

घरी आलो. तुही माय तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप घेतलं, बाजूले ठेवलं, तिले माह्यासमोर बसवलं. आमी दोघं असं समोरासमोर कवा बसलो होतो ते मले आठवत नाई. बंदूक आनली, मोडली, नळ्या दाखवल्या. म्हनलं, देवका, ही घरात रिकामीच पायजे. रिकामी हाय म्हनून मी सुस्कारा टाकतो, तो आनंदाचा असते. भरलेली असली अन् लेकराचा हात पडला, तं काय होईन, तेही सांगतलं.

ती उठली, कपाटावरचा पालथा फोटो काढला, पदरानं पुसला. मंग स्वराच्या पोटावर बोट ठेवलं. मंग नळीच्या तोंडावर ठेवलं. मंग परत पोटावर. मी तिच्या हातातून फोटो काढून घेतला. ती म्हनली, 'मले आधी काऊन नाई सांगतलं हो?'

मी म्हनलं, मी पाहत होतो ना. ती म्हनली, 'नुसतं पाहून काय होते?'

मयूरी, तुहं खरं का माहं खरं, हे मी दोन दिवस मनात घोळवलं. मी पायलं नसतं तं ती भरली हाय हे सोमवारीही कळलं नसतं. अन् मी एवढं पायलं नसतं तं तुह्या मायले ती उघडताच आली नसती. माह्या पाहन्यानंच तिले शिकवलं अन् माह्या पाहन्यानंच पकडलं. आता तूच सांग, मी कमी पाहत होतो का जास्त? मले तं उमगत नाई. पलटनीत आमी पाहत होतो तवा मोठ्यानं बोलत होतो. एक म्हने 'खाली', दुसरा पाहून म्हने 'खाली'. घरी आल्यावर बोलनं सुटलं अन् पाहनंच राह्यलं. दुसरा कोन, तं घरात दुसरी होती ना. तिले मी कवा हाकच मारली नाई.

नोकरी सोडत नाई. केशवराव सायबाले सारं सांगतलं, काही लपवलं नाई. त्यायनं आधी डोकं धरलं. मंग म्हनले, ठान्याची परवानगी काढून बंदूक बँकेतच कुलपात ठेवाची सोय करू, घरी न्याची गरजच नाई. तोवर मी रजेवर. बंदूक काल ठान्यात जमा केली, काडतुसासकट. देताना जमादारासमोर मोडून मी मोठ्यानं म्हनलं, 'खाली'. तोही पाहून म्हनला, 'खाली'. लय बरं वाटलं.

तवा दिवाळीले ये. वैभवरावाले घेऊन ये. स्वराची पनती ये म्हनून सांगते. फोटो मी नाई लावला, तो चौकटीतून काढून चुलीत टाकला. राग मानू नको, तुह्या मायनंच टाकला. चौकट ठेवली हाय, दिवाळीले नवा फोटो काढ, त्यात तुह्या मायले मधात बसव.

बंदुकीचं कपाट रिकामं झालं. मी दार लावून घेतलं अन् म्हनलं, सुटलो. आज सकाळी पाहतो तं आत ज्वारी भरलेली वाटी. मी म्हनलं, हे काय? तुही माय म्हनली, 'रिकामं नाई ठेवत मी. पन आता काय भरलं ते तुमाले सांगून ठेवलं.' अन् मंग माह्यासमोर दार उघडून, बोट दाखवून, पलटनीतल्या जवानावानी मोठ्यानं म्हनली, 'ज्वारी!' मीही पायलं अन् म्हनलं, 'ज्वारी!' मंग दोघंही हासत बसलो.

स्वरा आली का तिलेही हाक माराले लावू. एकदाच पाहाचं, पन दोघायनं, अन् बोलून.

वाट पाहून राह्यलो,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवाच्या आधी एकदा पाहून आलो. ज्वारीच हाय. तुह्या मायले हासू नको म्हन.